डोंग आणि डोंगर

प्रवासाला निघण्यापूर्वी माणसाने प्रवास नीट आखावा, असं शहाणी माणसं सांगतात. आमच्या घराण्यात ही शिस्त इतकी कडक पाळली गेली की आखणी मनासारखी झाल्याशिवाय कोणी घराबाहेर पडलंच नाही. आणि आखणी मनासारखी झाली, असं आमच्यापैकी कोणाला अजून तरी वाटलेलं नाही.

आमच्या भिवंडीच्या घरात माळ्यावर एक खोकं आहे. त्यात माझ्या फायली आहेत. कुलू-मनाली २००८, केरळ २०११, दार्जिलिंग-गंगटोक २०१४, अंदमान २०१८. प्रत्येक फाईलला अनुक्रमणिका, प्रत्येक पानाला क्रमांक, शेवटी अंदाजपत्रक. केरळची फाईल तर इतकी परिपूर्ण उतरली आहे की आमच्या शाखेतली तीन जोडपी तिच्यावर केरळला जाऊन आली. एका जोडप्याने परत आल्यावर फाईलच्या समासात पेन्सिलीने ‘या हॉटेलात डास आहेत’ एवढी दुरुस्तीही करून दिली. मी ती शाईने पक्की केली. डास अजून मला चावायचे आहेत.

मी बी.कॉम. आहे आणि तेवीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. तेव्हा हा स्वभाव आला कुठून, हे वेगळं सांगायला नको. बँकेत आम्हाला प्रवासासाठी रजेबरोबर भाडं मिळतं. त्याला एलएफसी म्हणतात. ज्याला प्रवास करायचा नसेल त्याला ते रोख घेता येतं. ही सोय ज्या कोणी काढली, त्याला माझ्यासारखी माणसं चांगली ठाऊक असणार. एकदा दार्जिलिंग रोख घेतलं, त्यात गच्चीची गळती थांबली. एकदा अंदमान रोख घेतलं, त्यात चिरंजीवांच्या क्लासची फी गेली. पावसाळ्यात छताकडे बोट दाखवून मी पाहुण्यांना सांगतो, “हे आमचं दार्जिलिंग.” पाहुणे हसतात. आमची सौभाग्यवती पूर्वी हसायची.

व्हिएतनाम आमच्या घरात शिरलं ते वरच्या मजल्यावरून. वरची मंडळी दिवाळीच्या सुट्टीत तिकडे जाऊन आली आणि आम्हाला फराळाला बोलावून त्यांनी टीव्हीवर चारशे बारा फोटो दाखवले. त्यातल्या तीनशेंत ते स्वतःच होते, त्यामुळे व्हिएतनाम त्यांच्या खांद्यांमागून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. हिरवेगार डोंगर, त्यांवर पायऱ्या-पायऱ्यांची भातखाचरं, पिवळ्या भिंतींचं एक जुनं गाव आणि त्यात टांगलेले रंगीत कंदील. सौ. काही बोलली नाही. खाली आल्यावर कुलूप उघडता उघडता एवढंच म्हणाली, “अहो, आपण व्हिएतनामला जाऊ या.”

मी नेहमीच्या सवयीने म्हटलं, “बघू. फाईल करायला घेतो.”

“फाईल करा. पण पैसे माझे आहेत.”

हे मात्र नवीन होतं. ही घरी पाचवी ते सातवीच्या शिकवण्या घेते. त्या पैशांचं एक आवर्ती ठेव खातं आहे, ते आठ वर्षांपूर्वी माझ्याच काउंटरवर, माझ्याच सहीने उघडलेलं. ते मुदत भरून मोकळं झालं आहे, हे मला ठाऊक होतं. पण ते कशासाठी होतं, हे मी आठ वर्षांत विचारलं नव्हतं. फॉर्मवर तसा रकाना नसतो.

तर फाईल सुरू झाली. पहिली अडचण महिन्याची. व्हिएतनाम हा देश नकाशावर पडवळासारखा लांबलचक आहे, त्यामुळे त्याच्या एका टोकाला ऊन असतं तेव्हा मधल्या भागात पूर आलेला असतो. सापाचे डोंगर उत्तरेला, ह्वे आणि होई आन ही जुनी गावं मध्यावर. दोघांची पत्रिका जुळणारा महिना शोधायला मी बसलो. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नववर्ष येतं, त्याला तेत म्हणतात, तेव्हा दुकानदार आपापल्या गावी गेलेले असतात. मार्च उत्तम, पण मार्चमध्ये बँकेच्या माणसाने रजा मागणं म्हणजे लग्नाच्या मांडवात नवरदेवाने अर्ध्या दिवसाची सुट्टी मागण्यासारखं आहे. मे-जूनमध्ये उकाडा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेला पाऊस. सप्टेंबरात सापाची खाचरं पिकून सोन्यासारखी होतात म्हणे, पण तेव्हा आमच्याकडे गणपती आणि बँकेत सहामाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीची सुट्टी मिळते, तर होई आनच्या रस्त्यांतून होड्या फिरतात. डिसेंबरात सापाला हाडं गोठतात.

एकेक महिना काट मारत गेलो. खरं सांगायचं तर मनातून बरंही वाटत होतं. बाराही महिने खोडले गेले की फाईल सन्मानाने बंद करता येते, आणि दोष हवामानाकडे जातो. पण एप्रिल काही केल्या खोडला जाईना. दोन्हीकडे हवा बरी, क्लोजिंग संपलेलं, शिकवण्यांच्या मुलांच्या परीक्षा झालेल्या. शेवटी मी म्हटलं, “तीस एप्रिलला त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, एक मेलाही असते. फार गर्दी होते.”

“मग दहाला निघू आणि वीसला परत येऊ,” सौ. कणीक मळता मळता म्हणाली.

ती तीस एप्रिलची सुट्टी कसली, तेही सांगून टाकतो. १९७५ साली त्या दिवशी सायगाव पडलं आणि ते युद्ध संपलं. हे सांगायचं कारण आमची आई. बातमी कानावर जाताच तिने जपाची माळ खाली ठेवली.

“अरे, तिथे लढाई चालू आहे ना?”

“आई, ती १९७५ साली संपली.”

“मला कोणी बोललं नाही.”

तिचंही बरोबर आहे. तिच्या तरुणपणी रोज रेडिओवर व्हिएतनाम असायचं. मग ते बंद झालं, पण बंद झालं हे सांगायला कोण येतो?

दुसरी अडचण पैशांची, म्हणजे माझ्या प्रांतातली. तिकडच्या नाण्याला डोंग म्हणतात. एका रुपयाला साधारण तीनशे डोंग मिळतात. तेहेतीस-चौतीस हजार रुपये खिशात असले की माणूस तिथे करोडपती. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला आयुष्यात एकदा तरी असं वाटावं, ही माफक अपेक्षा. पण लगेच पुढचा हिशेब येतो. शेवयांच्या सूपाचा एक वाडगा पन्नास हजार. हे वाचून सौ. म्हणाली, “पन्नास हजारांचं सूप मला गिळवायचं नाही.” तिला मी रुपयांत करून सांगितलं. तरी तो आकडा तिच्या तोंडावरून दोन दिवस गेला नाही. डोंगर बघायला डोंग लागतात, अशी एक कोटी मी त्यावर केली. ती मी शाखेतही केली. हसलं फक्त एक शिकाऊ पोरगं, त्याची अजून कायम व्हायची ऑर्डर यायची आहे.

नोटांचा अभ्यास मात्र मन लावून केला. वीस हजारांच्या नोटेवर होई आनचा तो छपराचा जपानी पूल. पन्नास हजारांवर ह्वे. एक लाखावर हनोईचं साहित्य-मंदिर. दोन लाखांवर हालोंगचा उपसागर. मी सौ.ला कौतुकाने दाखवलं, “बघ, हा देश किती सरळ आहे. खिशातल्या नोटा उलटसुलट करत गेलं की सहलीचा मार्ग तयार.”

ती म्हणाली, “आपल्याही नोटांवर असतं ना काहीतरी?”

असतं. दहावर कोणार्क, वीसवर वेरूळ, पन्नासवर हंपी, शंभरवर पाटणची राणीची वाव, दोनशेवर सांची, पाचशेवर लाल किल्ला. दोन हजारांवर मंगळयान होतं, पण ती नोट २०२३ साली मागे घेतल्यामुळे मंगळाचा बेत आपोआप रद्द झाला. बाकीची ठिकाणं मी रोज मोजतो. शंभर-शंभरच्या गड्ड्या करतो, कागदी पट्टी लावतो, शिक्का मारतो. गेल्या काही वर्षांत माझ्या बोटांखालून लाखो वेळा हंपी गेलं असेल. पाहिलेलं एकही नाही. वेरूळ तर आपल्याच राज्यात आहे. हे मी तिला मोठ्याने सांगितलं नाही, पण तिने हिशेब केला असावा, कारण ती नुसती ‘हं’ म्हणाली.

आमच्या शाखेत या बेताचा बोभाटा झाला. परदेशी जायचं तर साहेबांची परवानगी लागते. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला. “व्हिएतनाम? नातेवाईक आहेत का कोणी?” मी नाही म्हटलं. “मग?” या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात काउंटरवरचे आमचे जुने यंत्रमागवाले चाचा मदतीला धावले. भिवंडीत बँकेच्या काउंटरवर खासगी बोलणं असं काही नसतं. “अरे साब, जाओ जाओ. शर्ट का लेबल देखो, मेड इन वियतनाम. आधी दुनिया को वो लोग कपडा सिलके देते हैं. उनका लूम कितने पिक पे चलता है, जरा देखके आना.” मी देऊन-घेऊन कोणासाठी काही आणायचं नाही असं ठरवलं होतं, पण चाचांची मागणी वजनाला हलकी असल्यामुळे फाईलमध्ये टिपून घेतली. आता फाईलमध्ये पान क्रमांक ३१ वर ‘लूम – पिक – चाचा’ अशी नोंद आहे.

मार्ग ठरवताना मात्र माझंच मन रमत गेलं, हे कबूल करतो. मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, सुमारे पाच तासांचं. भिवंडीहून मुंबईचा विमानतळ गाठायला किती लागतील, ते मानकोलीचा नाका ठरवील, तेव्हा त्या रकान्यात मी ‘देवाच्या इच्छेनुसार’ असं लिहिलं. तिकडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. हनोईहून रात्रीच्या गाडीने लाओ काय, तिथून तासाभराचा घाटरस्ता की सापा. हे थंड हवेचं ठिकाण फ्रेंचांनी वसवलं. माथेरान शोधलं ते १८५० साली ठाण्याच्या इंग्रज कलेक्टराने. साहेबाला, मग तो इंग्रज असो की फ्रेंच, उकडायला लागलं की बरोबर डोंगर सापडतो. आपण तिथेच खाली घाम पुसत बसतो. सापाच्या डोंगरांत ह्मोंग आणि दाओ लोक राहतात, ती पायऱ्यांची खाचरं त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या उतार कोरून केलेली. वर फान्सिपान नावाचं शिखर आहे, ३,१४३ मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६. २०१६ पासून फान्सिपानवर सव्वासहा किलोमीटरच्या दोरावरून पाळणा जातो. ही माहिती मी फाईलमध्ये लाल शाईने अधोरेखित केली. माझ्या गुडघ्यांनीही ती वाचली.

मग खाली ह्वे. १८०२ ते १९४५ न्युएन राजांची राजधानी, किल्ल्याच्या आत किल्ला आणि त्याच्या आत राजवाडा. ह्वेहून दा नांगला रेल्वे समुद्राच्या कडेकडेने डोंगराला चिकटून जाते. तिथल्या घाटाचं नाव हाय वान, म्हणजे समुद्रावरचे ढग. आमच्या कसाऱ्याच्या घाटाचं नाव असं कोणी ठेवलं असतं तर आम्हीही खिडकीबाहेर पाहिलं असतं.

आणि होई आन. या गावाबद्दल वाचताना मला थोडं चुकल्यासारखं झालं. नदीच्या मुखाजवळचं बंदर. चिनी, जपानी व्यापारी येऊन राहिलेले. मग नदी गाळाने भरत गेली, मोठी जहाजं दा नांगला जाऊ लागली आणि गाव मागे पडलं. मागे पडलं म्हणून जुन्याचं जुनं राहिलं आणि १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतलं. आता आमचंच बघा. कल्याण-भिवंडीची ही खाडी. शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतली आणि याच खाडीत आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली. आम्हीही मागे पडलो असतो तर आज आमच्या गल्लीत कंदील लागले असते. पण आम्ही मागे पडायला तयार नव्हतो. आम्ही माग घातले, मग गोदामं घातली, आता मेट्रोचे खांब घातले आहेत. होई आनचा एखादा बँकेतला कारकून भिवंडीची फाईल करत असेल का, असं मनात आलं. केली तर बिचारा बाराही महिने खोडील.

होई आनजवळच मी सन आहे. ‘मी सन’ म्हणजे सुंदर डोंगर. तिथे चंपा राजांनी चौथ्या शतकापासून तेराव्यापर्यंत विटांची देवळं बांधली. पहिलं देऊळ भद्रवर्मा राजाने भद्रेश्वराचं बांधलं, शिलालेख संस्कृतात. १९६९ साली अमेरिकन बाँबहल्ल्यात त्यातली बरीच देवळं पडली. पुढे आपल्याच पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी तिकडे जाऊन काही देवळांची डागडुजी केली, आणि २०२० साली खोदकाम करताना त्यांना एकसंध दगडाचं, नवव्या शतकातलं शिवलिंग सापडलं. हे मी रात्री जेवताना वाचून दाखवलं. उद्देश एवढाच की सौ.ला कळावं, आखणी किती खोलवर चालली आहे. परिणाम भलताच झाला. आईचा घास थांबला.

“महादेव आहे तिथे?”

“हो.”

“मग आधी का नाही सांगितलंस? जा तुम्ही दोघं. बेलाचं पान देते, ते पोथीत ठेवून ने.”

पोथीतून पान परदेशात नेता येतं की नाही, हे मी अजून पाहिलेलं नाही. पण घरातला विरोधी पक्ष त्या घासाला संपला, हे मला कळलं. आता उरलो मी.

खाण्याचं त्याहून सोपं निघालं. आम्ही शाकाहारी. तिकडे ‘मी शाकाहारी आहे’ हे ‘तोय आन चाय’ असं सांगायचं. सौ.ने ते पाठ करायला घेतलं. सकाळी स्वयंपाकघरातून खणखणीत आवाजात ‘आन चाय, आन चाय’ असं ऐकू आलं की चिरंजीव निमूटपणे चहाचं आधण ठेवायचे. आठवडाभरात त्याला बरा चहा जमू लागला, तेव्हा या सहलीने आमच्या घरी एक कायमचा लाभ दिलाच. आईने मेतकूट कुटवलं. “तांदळाचा देश ना? मग काळजी कसली. भात तिकडचा, मेतकूट इकडचं.”

हे सगळं डिसेंबरपर्यंत. आता जे झालं ते सांगायला जरा जड जातं, पण विनोदी लेखात सगळंच विनोदी असावं असा काही नियम नाही.

गुडघ्यांची चाचणी म्हणून एका रविवारी आम्ही माहुलीला गेलो. आसनगावजवळचा किल्ला. नाशिकच्या रस्त्याने जाताना त्याचे सुळके उजव्या हाताला ठेवून की डाव्या, एवढ्यावरही मी वाद घालू शकतो, इतक्या वेळा ते गाडीतून पाहिलेले. १६३६ साली शहाजीराजांनी याच किल्ल्याचा आसरा घेतला होता, हेही फाईलमध्ये होतं. घरापासून फार तर दीड तासाचा रस्ता, आणि आम्ही प्रथमच निघालो होतो. पायथ्याच्या देवळाशी नमस्कार केला. जंगलातून तासभर चढलो. मग एका दगडावर मी बसलो आणि उठलो नाही. पाय दुखत होते हे खरं आहे. पण इतके दुखत नव्हते.

“तू हो पुढे,” मी म्हटलं. “मी इथे पिशव्या सांभाळतो.”

तिने पाण्याची बाटली उचलली आणि ती गेली. शिकवणीच्या दोन मोठ्या मुली आणि त्यांचा मामा बरोबर होते, त्यांच्या मागोमाग. वर लोखंडी शिडी आहे, ती ही कशी चढेल, हा विचार मी अडीच तास केला. मधल्या वेळात पिशवीतून फाईल काढून सापाचं पान पुन्हा वाचलं. माकडं येऊन बघून गेली. झाडाखाली बसून डोंगराबद्दल वाचणारा माणूस त्यांनी यापूर्वी पाहिला नसावा.

ती उतरली तेव्हा तोंड लाल झालेलं, पदराला कुसळं, एका कोपराला खरचटलेलं. मी विचारलं, “काय दिसलं वर?”

“खूप.”

“खूप म्हणजे? तानसा तलाव दिसला का? किती लांब दिसतं?”

ती पाणी प्यायली. म्हणाली, “तुम्ही यायचं होतंत.”

एवढंच. परतीच्या वाटेवर मी तीनदा विचारलं, तिने सांगितलं नाही. रागावून नव्हे. तिच्याजवळ काहीतरी होतं आणि ते मला कागदावर उतरवून देता येण्यासारखं नव्हतं. एसटीत बसल्यावर मात्र म्हणाली, “तुम्हाला जायचं नसतं हो. तुम्हाला ठरवायचं असतं.” तेवीस वर्षांत माझ्या खात्याची इतकी अचूक तपासणी कोणत्याही ऑडिटरने केलेली नाही.

त्या रात्री मी आईजवळ जाऊन बसलो. मला वाटलं होतं ती म्हणेल, नसेल झेपत तर नका जाऊ. माझी बाजू घेणारं घरात कोणीतरी हवं होतं. तिने माळ्याकडे पाहिलं. तिथे माझ्या खोक्याशेजारी वडिलांची सुटकेस आहे. वडील एका गिरणीच्या कचेरीत होते. काशीला जायचं म्हणून त्यांनी १९८७ साली ती घेतली. रेल्वेचं वेळापत्रक दर वर्षी नवं आणायचे. मुगलसरायला गाडी किती वाजता पोचते, हे त्यांना तोंडपाठ होतं. ते २०१६ साली गेले, तोपर्यंत त्या स्टेशनचं नाव मुगलसरायच होतं. २०१८ साली ते दीनदयाळ उपाध्याय जंक्शन झालं. तेवढा एक बदल त्यांच्या हिशेबाला लागला नाही.

आई म्हणाली, “तुझे वडील तीस वर्षं काशीला निघाले होते. मी रोज भांडी आवरून तयार असायचे.”

ती हसत म्हणाली. मला हसू आलं नाही.

तिकिटं काढायची वेळ आली जानेवारीत, एका शुक्रवारी रात्री. सौ. मोबाईल घेऊन बसली. नावं भरली, पासपोर्टचे आकडे भरले. तिच्या पासपोर्टाची निराळीच कथा आहे, लग्नाआधीचं नाव आणि लग्नानंतरचं नाव यांच्यात समेट व्हायला दीड महिना गेला, पण तो झाला. व्हिसा पंचवीस डॉलरचा, घरबसल्या मिळणारा, तो नंतर काढायचा होता. पैसे तिच्या खात्यातले, पण खात्याला मोबाईल नंबर माझा. आठ वर्षांपूर्वी फॉर्मवर तोही मीच घातलेला.

माझा फोन वाजला. सहा आकडे.

“सांगा,” ती म्हणाली.

आता माझी अवस्था लक्षात घ्या. मी बसतो त्या काउंटरच्या मागे भिंतीवर भलीमोठी पाटी आहे – ओटीपी कोणालाही सांगू नका. दिवसातून दहा वेळा मी म्हाताऱ्याकोताऱ्यांना हे ओरडून सांगतो. मुलगा असला तरी सांगू नका, जावई असला तरी सांगू नका. तिच्या पडद्यावर उलटी घडी चालू होती. तीन मिनिटं. मी म्हटलं, “अगं, परतीच्या विमानाची वेळ एकदा...”

“बघितली.”

“सामानाचं वजन?”

“बघितलं.”

“आईचं?”

“ताई येणार आहेत दहा दिवस. त्यांनीच आपणहून फोन केला होता.”

दोन मिनिटं. मी मनातल्या मनात फाईल चाळली. अडतीस पानं, कुठेही फट नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकी चोख फाईल केल्याचा मला पश्चात्ताप झाला. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, “अरे, आला का तो नंबर?”

मी आकडे वाचले. चौथा सांगताना घशात काहीतरी अडकलं, तर ती म्हणाली, “सात का? दिसतोय मला.” फोन माझ्या हातात सरळ तिच्याकडे तोंड करून होता. तिला तो सुरुवातीपासून दिसत होता. तिने मी सांगेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी वडिलांची सुटकेस खाली काढली. आत डांबराच्या गोळ्यांचा वास, एक न वापरलेला मफलर आणि किल्ली दोऱ्याने हँडलला बांधलेली. रिकाम्या सुटकेसचं वजन केलं, पावणेसहा किलो भरलं. सौ. म्हणाली, “ही नको. नवीन घेऊ.” मफलर मात्र मी बाजूला काढला, सापाला रात्री गारठा असतो. मग माळ्यावरच्या साऱ्या फायली त्या सुटकेसमध्ये नीट लावल्या आणि ती जागच्या जागी ठेवली. खोकं रद्दीवाल्याने नेलं.

सोमवारी शाखेत आमचे हेडकॅशियर आले. उन्हाळ्यात त्यांनाही कुठेतरी जायचं आहे. “तुझी ती व्हिएतनामची फाईल दे ना रे, चार दिवस,” म्हणाले. मी डब्याची पिशवी उघडायलाही लागलो होतो. मग त्यांना सांगितलं, वीस एप्रिलनंतर देतो.